व्हिस्लर: चढायचं खुर्चीत, उतरायचं हातांवर

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला गड पायीच चढायचा असतो एवढं पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे खुर्चीत बसून डोंगरावर जायचं, तेही सायकलसकट, म्हटल्यावर मन जरा कुरकुरतंच. कॅनडातल्या व्हिस्लरला निघताना माझं तसंच झालं होतं. व्हँकुव्हरजवळच्या सरेत राहणारा माझा मित्र मूळचा पुण्याचा, रविवारी पहाटे सायकलने सिंहगड गाठणाऱ्यांपैकी. तो तर गाडीतच म्हणाला, "चढाई नाही तर कसली सायकल, राव!"

व्हँकुव्हरहून उत्तरेला सी-टू-स्काय हायवे धरला की सुमारे 120 किलोमीटरवर व्हिस्लर येतं. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला उभे कडे. रस्ता इतका देखणा आहे की गाडी चालवणाऱ्यावर अन्यायच होतो. हिवाळ्यात इथे स्कीसाठी जगभरातून माणसं येतात. 2010च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या अल्पाइन स्कीइंगच्या शर्यती याच डोंगरावर झाल्या. बर्फ वितळल्यावर मात्र लिफ्टचे खांब, केबल, खुर्च्या सगळं उन्हात उभंच असतं. एवढी गुंतवणूक अर्धं वर्ष नुसती कशाला ठेवायची, या रोकड्या हिशोबातून उन्हाळ्यात त्याच लिफ्टने सायकली वर न्यायचं ठरलं आणि 1999 साली सायकलने डोंगर उतरायच्या वाटांचं इथलं बाइक पार्क रीतसर सुरू झालं. आता मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गावातल्या रस्त्यांवर चिखल-धुळीने माखलेली, चिलखत घातलेली माणसं कॉफी पीत बसलेली दिसतात, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

चिलखत हा शब्द मी गमतीने वापरत नाही. भाड्याच्या दुकानात हनुवटी झाकणारं हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला पॅड, छाती-पाठीवर कडक कवच असा सगळा जामानिमा अंगावर चढवतात. मग सायकल येते. पुढच्या चाकाचा दणके झेलणारा फोर्क 200 मिलिमीटर, म्हणजे चांगला वीतभर दबणारा. वजन सोळा-सतरा किलो. सीट इतकी खाली की बसलात तर गुडघे कानाला लागतील. मित्राने सीट वर करायला मागितली, तर दुकानातला पोरगा हसला. ही सीट बसायची नसतेच. उतरताना सगळा वेळ पेडलवर उभं राहायचं, कोपरं बाहेर, टाचा खाली, नजर पुढच्या वळणावर.

फिट्झसिमन्स नावाची लिफ्ट थेट गावातून सुटते. सायकल अडकवायची, आपण बसायचं आणि पाय लोंबकळत वर जायचं. पायाखाली हिवाळ्यातल्या स्कीच्या उतरणी हिरव्यागार गवताने भरलेल्या. तिथे एक काळं अस्वल निवांत चरत होतं. इथली अस्वलं या उतारांवरचं गवत आणि क्लोव्हर आवडीने खातात, तेव्हा स्थानिकांना त्याचं अप्रूप नाही. आमच्या खुर्चीवर मात्र एकदम मराठी संमेलन भरलं.

वाटांच्या खुणा स्कीच्याच: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, पत्त्यांतल्यासारखा काळा चौकट अवघड, दोन काळे चौकट म्हणजे घरच्यांना विचारून या. आम्ही हिरव्यावर, 'ईझी डझ इट'वर सुरुवात केली. रुंद वाट, संथ वळणं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीची भिंत कलती उभारलेली असते, तिला बर्म म्हणतात. तिच्यावर सायकल झुकवली की आपोआप वळते. दोन-तीन बर्म जमले आणि मित्राने हेल्मेटच्या आतून जी आरोळी ठोकली, तिच्यात चढाईचा मुद्दा कुठल्या कुठे वाहून गेला.

मग निळी बी-लाइन. इथे खरी ओळख पटली ती हातांशी.

डाउनहिलमध्ये पाय दुखतील असं आपण धरून चालतो, पण आधी जातात ती मनगटं आणि कोपराखालचे स्नायू. कारण ब्रेक. घाबरलेला माणूस दोन्ही लिव्हर पूर्ण उतारभर अर्धवट दाबून ठेवतो. मग डिस्क तापते, जळका वास येतो, बोटं आखडतात आणि ज्या हाताने हँडल धरायचं तो हातच मुठीत राहत नाही. एका वळणावर दम खात थांबलो होतो, तिथे शिकवणारी एक मुलगी तिच्या चमूला हेच सांगत होती. लिव्हरवर फक्त एक बोट. वळणाच्या आधी सरळ वाटेवर जोरात ब्रेक मारून वेग घालवायचा आणि वळणात ब्रेक पूर्ण सोडून द्यायचा. ऐकायला सोपं. पण समोर वळण दिसत असताना ब्रेक सोडायला बोटाला पटवावं लागतं, आणि ते सहजी पटत नाही. त्यात प्रत्येक बर्मच्या तोंडाशी शेकडो लोकांनी ब्रेक मारून मारून वाट सरी-वरंब्यासारखी झालेली. तिथून जाताना दात वाजतात. वाटेची डागडुजी करणारे लोक ती सतत सारखी करत असतात, पण भर उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीत ती पुन्हा होतेच. धूळ तर इतकी की गॉगल काढल्यावर चेहऱ्यावर दोन रंग.

आम्ही अशा एका ठिकाणी काठावर उभे असताना दहा-बारा वर्षांची एक पोर मागून आली, "थँक यू" म्हणाली आणि टेबलटॉपवरून उडी मारून दिसेनाशी झाली. टेबलटॉप म्हणजे वरून सपाट ठेवलेली मातीची उडी. उडी तोकडी पडली तरी खड्ड्यात न पडता त्या सपाटीवरच उतरता येतं. नवशिक्याने उडी न मारता नुसती त्यावरून सायकल नेली तरी चालतं, आम्ही तशीच नेली. इथली प्रसिद्ध ए-लाइन म्हणजे अशाच टेबलटॉपांची रांग. ती आम्ही लिफ्टमधून बघितली, आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

शिखरावरून सुटणारी 'टॉप ऑफ द वर्ल्ड' नावाची वाट 2012 साली खुली झाली. तिला वेगळं तिकीट लागतं, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात आणि वरचं बर्फ जाईपर्यंत ती बंद असते. शिखर 2,182 मीटरवर, गाव 675वर. म्हणजे कळसूबाईच्या 1,646 मीटर उंचीच्या जवळपास जाणारी उतरण एका दमात. आमच्या हातांनी त्या दिवशी राजीनामा दिला होता, तेव्हा ती राहिली. राजगड उतरताना गुडघे बोलतात हे माहीत होतं. इथे तळहात बोलले. खाली आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण मित्राला फिरवेना, ते मी दातांनी उघडलं.

दुसऱ्या दिवशी लॉस्ट लेक. गावातून चालत जाण्याइतकं जवळ, पण पार्कातला एकही माणूस तिकडे फिरकत नसावा असं वाटतं. हिवाळ्यात इथे क्रॉस-कंट्री स्कीच्या पट्ट्या आखतात; उन्हाळ्यात त्याच जंगलातल्या अरुंद वाटांवर सायकली. वाटेत 2010च्या ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियाने बांधलेलं लाकडी घर लागतं, अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारं. इथे सायकल हलकी, सीट वर, आणि ढकलायला फक्त आपली मांडी. सीडर आणि हेमलॉकच्या मुळ्या वाटेवर आडव्या पसरलेल्या. छोटा चढ, वळण, ओल्या खडकाचा पट्टा, पुन्हा चढ. दम लागतो, घाम येतो, मग एकदम तळं दिसतं. दहा मिनिटांत अंगातला आदल्या दिवसाचा ताठा गेला. चुकलं तर पाय टेकवायला वेळ मिळतो, आणि थांबून झाडाकडे बघायलाही. मला विचाराल तर डोंगर इथे भेटतो. पार्कात भेटतो तो डोंगरावर बांधलेला रस्ता, कितीही झकास असला तरी.

या वाटांमागे इथले सायकलवाले स्वतः आहेत. 1989 साली त्यांनी वोर्का नावाची संघटना काढली, आणि तिच्या दर आठवड्याच्या शर्यतीला 'टूनी' म्हणतात, कारण प्रवेशमूल्य एके काळी दोन डॉलरचं एक नाणं होतं. स्थानिकांच्या तोंडी 'कम्फर्टेबली नम्ब' या चोवीसेक किलोमीटरच्या वाटेचं नाव आदराने येतं. नाव ऐकून फसू नका, तिच्यात कम्फर्ट शोधावा लागतो असं म्हणतात.

जाणार असाल तर क्रँकवर्क्सचा आठवडा एकतर मुद्दाम गाठा, नाहीतर मुद्दाम टाळा. 2004पासून हा माउंटन बाइकिंगचा महोत्सव भरतो आणि तेव्हा लिफ्टच्या रांगेत निम्मा दिवस जातो. हातमोजे घरून न्या, आणि पहिल्या दिवशी पार्क, दुसऱ्या दिवशी लॉस्ट लेक असाच क्रम ठेवा. उलटा केलात तर दमलेल्या पायांनी उतारावर उभं राहायची वेळ येते.

मित्र आता पुढच्या मोसमाचा पास घ्यायच्या गोष्टी करतो. चढाईचं काय, असं विचारलं तर म्हणतो, "सिंहगड आहेच की, भारतात गेल्यावर." मी त्याला सांगितलंय, तू लिफ्टच्या रांगेत लाग, मी तळ्यावर भेटतो.