एकत्र का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. नाहीतर "एवढ्या संस्था आहात, एकत्र येऊन काम का करत नाही?" यावर मी हसून विषय बदलते.

आलो होतो हो एकत्र. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं, त्यात लॉकडाऊन. वीज नाही, रेंज नाही, माड-पोफळी रस्त्यावर आडव्या. तरी आम्ही सात संस्थांनी कामं वाटून घेतली. कुणी ताडपत्र्या, कुणी पत्रे, कुणी रेशनची किटं. एका संस्थेचा जनरेटर गावोगाव फिरायचा. टाकीत पाणी चढवायचा आणि गावभरचे फोन चार्ज करायचा. वाटप दुबार होऊ नये म्हणून यादी एकच. ती मी हौसेनं मागून घेतली.

बॅनरवरून भांडता, असंही म्हणता. भांडतो. फोटो नसला तर पुढच्या वर्षी देणगी येत नाही.

तर ती यादी. हमरस्त्यावरच्या एका गावापुढे मी 'झालं' लिहिलं. वर डोंगरात त्याच गावाची कातकरीवाडी, एकोणीस घरं. ती मी गावातच धरली. मुंबईहून आलेले दोन टेम्पो तिथूनच पुढे पाठवले, दुबार नको म्हणून. बाविसाव्या दिवशी वर चढले. पहिल्याच घरावर छप्पर म्हणून निवडणुकीचा बॅनर ताणलेला, आणि पुढाऱ्याच्या हनुवटीवरून पाणी खाली पातेल्यात ठिबकत होतं. म्हातारीनं पाट पुढे केला. कोरडा तेवढाच होता.

"टेम्पो दिसायचे गं ताय, खालून जाताना. म्हटलं आमचा नंबर लांब असंल."

बैठकीत मी म्हणाले, गावानं कळवायला हवं होतं. खरंच हवं होतं. पण यादी नसती तर एखादा टेम्पो वाट चुकून का होईना वर गेला असता. दुबार झालं असतं तर काय बिघडलं असतं? हे विचारणारी मीच, आणि एका घरात चार किटं बघून आवाज चढवणारीही मीच.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. गाव नको, वाडी-वाडी लिहा, असा हट्ट मी धरला. यादी लांबली, पहिली ताडपत्री निघायला तीन दिवस जास्त गेले, पाऊस काही थांबला नव्हता. यादी कुणी सांभाळायची यावरून मग जुंपली आणि दोन संस्था बाहेर पडल्या. त्यातली एक आमची.