पान लावताना सर आठवतात

मी 1986 च्या दहावीच्या बॅचचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे ए बी सी डी पण पाचवीतच, आणि आठवीत एकदम ती दोन शब्दांची क्रियापदं अंगावर आली ज्यांचा अर्थ डिक्शनरीत दोन्ही शब्द वेगवेगळे बघून निघतच नाही. मेक म्हणजे बनवणे, अप म्हणजे वर, मग मेक अप म्हणजे काय? पाठ करायचं म्हटलं तरी कुठला अर्थ पाठ करणार, एकेकाचे सात-आठ!

आमच्या सरांनी पाठ करायला लावलंच नाही. वर्गात आले, फळ्यावर इंग्रजीचं अक्षरही न काढता मराठीत ‘लागणे’ एवढंच लिहिलं आणि म्हणाले, सकाळपासून घरात कोणाला काय काय लागलं ते सांगा. आधी कोणी बोलेना, मग सुरू झालं ते थांबेचना. भूक लागली, ठेच लागली, आजीचा डोळा लागला, दूध खाली लागलं, दादाला नोकरी लागली, शेजारच्या ताईला हळद लागली. मागच्या बाकावरचा एकजण खेड्यावरून एसटीने यायचा, तो म्हणाला सर गाडी लागली. सरांनी विचारलं, फलाटाला लागली की तुला लागली?

सगळे हसले, पण सर तिथेच थांबले. गाडी तीच, लागणे तेच, पण ‘गाडी लागली’ म्हटलं की माणूस जागा धरायला पळतो आणि ‘मला गाडी लागली’ म्हटलं की खिडकीची सीट मागतो. फरक कशाने पडला? ‘मला’ ह्या एका शब्दाने. हे तुम्हाला कोणी शिकवलं का रे? नाही ना? मग इंग्रजीतही क्रियापदाच्या शेजारी कोण बसलंय ते आधी बघा.

आणि मग त्यांनी मेक अप घेतलं. शेजारी स्टोरी असेल तर मनाने रचलेली गोष्ट, शेजारी माइंड असेल तर मनाशी पक्कं करणं, इलेव्हन प्लेअर्स मेक अप अ टीम म्हणजे अकरा जण मिळून टीम होते, मागे फॉर आला आणि पुढे लॉस्ट टाइम की वाया गेलेला वेळ भरून काढणं. आणि दवाखान्यातला कंपाउंडर डॉक्टरांची चिठ्ठी बघून औषध तयार करतो ना, त्यालाही मेक अप! मला अजून ते सांगताना डोळ्यासमोर ती लाल औषधाची बाटली येते, बाजूला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली.

खूप नंतर वाचनात आलं की इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या त्याच्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात अवघड जातं ते हेच, क्रियापदाला असं शेपूट जोडून अर्थ बदलणं. ह्या क्रियापदांचं फ्रेजल व्हर्ब हे नाव तर छापात आलं 1925 मध्ये, लोगन पिअरसल स्मिथच्या पुस्तकात, आणि ते त्याला सुचवलं होतं ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या हेन्री ब्रॅडलींनी. म्हणजे नाव इतकं अलीकडचं आणि गोष्ट केवढी जुनी. तेव्हा हे माहीत असतं तर पळत जाऊन सरांना सांगितलं असतं.

आठवीच्या त्याच वर्षी गॅदरिंगच्या नाटकात माझी आणि माझ्या बाकावरच्या मित्राची एकाच भूमिकेवरून जोरदार भांडणं झाली, ती मला मिळाली आणि आमची पंधरा दिवस कट्टी. नाटकाच्या संध्याकाळी सर स्वतः सगळ्यांची रंगभूषा करत होते, मला समोर बसवून मिशी चिकटवत होते आणि तो दाराशी पडद्याची दोरी धरून उभा. सरांनी मिशीवर अंगठा दाबून धरला, मला बोलता येईना, आणि हळूच म्हणाले, मेक अप झाला तुझा, आता त्याच्याशी मेक अप कर. तो अर्थ वर्गात राहून गेला होता. पण मला कळला, कारण शेजारी ‘त्याच्याशी’ होतं. गट्टी झाली ती आजपर्यंत आहे.

पुढे मी पेपरात लागलो (बघा, इथेही लागलो). पहिल्या रात्री सीनियर म्हणाले मेकअपला बस, आणि मी घाबरलोच नाही, विचारलं पान लावायचं ना? मजकूर, फोटो, जाहिराती जागच्या जागी बसवून पान उभं करणं त्याला मराठीत आम्ही पान लावणं म्हणतो आणि इंग्रजीत मेक अप. सरांचे दोन्ही शब्द एकाच टेबलावर आलेले बघून इतका आनंद झाला की रात्री दोनला घरी येऊन बायकोला उठवून सांगितलं. आधी ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून चिकटवायचो, मग कॉम्प्युटरवर आलो, शब्द मात्र दोन्ही तेच राहिले.

ह्या स्मरणिकेची पानं पण मीच लावतोय. गॅदरिंगचा तो जुना फोटो मित्राने पाठवलाय, सर खाली वाकलेत, हातात मिशी आहे, आणि मागे दारात दोरी धरलेला तो. जागा दोन कॉलमची होती, मी तीन कॉलमी लावलाय. त्यासाठी माझ्याच लेखातला एक परिच्छेद काढला.