ऑग्राबीजला सिंह नाही

जळगावहून शेतकऱ्यांचा ग्रुप घेऊन दक्षिण आफ्रिकेला जायचं म्हणजे व्हिसा-तिकीट ही सोपी कामं, खरं काम म्हणजे लॉजवाला आपल्या माणसाला कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घेऊन किचनमधे शिरू देतो का हे आधीच पक्कं करणं.

ऑग्राबीज नॅशनल पार्क उपिंग्टन शहरापासून १२० किमी. जळगावला जुलैत पडतो तेवढा पाऊस तिथे अख्ख्या वर्षात पडत नाही, आणि त्याच उजाड खडकात लेसोथोच्या डोंगरातून आलेली ऑरेंज नदी ५६ मीटर खाली कोसळते. जिराफ, गेम्सबॉक-क्लिपस्प्रिंगरसारखी हरणं, सगळं आहे, सिंह नाही. मी प्रत्येक मीटिंगला सांगितलं होतं पण तिकडच्या एजन्सीने ब्रोशरवर सिंहाचा फोटो छापलेला, असले फोटो छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ऐकून घ्यायला गाडीत मी असतो. अर्ध्या तासात लोक म्हणायला लागले, धबधबा झाला, चला आता.

रावेरकडचे एक केळीवाले काका मात्र रेलिंगपाशी बसले ते उठेचनात. तिथल्या खडकांवर चपटे सरडे असतात, नराचं डोकं निळं, पुढचे पाय पिवळे-नारिंगी, आणि धबधब्यावरच्या काळ्या माश्यांच्या थव्यात ते चक्क हवेत उडी मारून माशी पकडतात. काका म्हणाले, "भाऊ, हे पाह्य ना! पन इतकी माशी येते कुठून?"

मी रेंजरला बोलावलं आणि मधे उभा राहून मराठी करत गेलो. ही माशी वाहत्या पाण्यातल्या दगडांवर वाढते, जनावरांना चावून मेंढपाळांचं मोठं नुकसान करते. पूर्वी हिवाळ्यात नदी आटायची तेव्हा अळ्या वाळून मरायच्या, वरती मोठी धरणं झाली, शेतीला आणि विजेला बारा महिने पाणी सुटायला लागलं आणि अळ्या जगायला लागल्या. आता नदीत औषध सोडावं लागतं.

काका बराच वेळ गप्प. मग, "म्हंजे पानी बारमाही, तशी माशीबी बारमाही."

रात्री जेवताना हाच विषय, हतनूर धरणापासून शेतातल्या ड्रिपपर्यंत, सिंहाचं कुणी नाव काढलं नाही आणि सकाळी निम्मा ग्रुप चहाआधीच रेलिंगपाशी.

तरी ऑफिसचं म्हणणं, पुढच्या सीझनला ऑग्राबीज काढा, सिंहवाला पार्क टाका. मी इथे पूर्ण एक सकाळ आणि रेंजरसोबत दोन तास मागितलेत, भांडण अजून चालूच आहे.