खेळाची शिष्यवृत्ती आणि जीपीएचा हिशेब

अमेरिकेत टेनिस, पोहणं किंवा ॲथलेटिक्सच्या जोरावर कॉलेज शिकायला जायचं ठरलं की घरात चर्चा होते ती रँकिंगची, टायमिंगची आणि कोचला पाठवायच्या व्हिडिओची. मार्कांचा विषय ‘पंच्याऐंशी टक्के आहेत, काळजी नाही’ एवढ्यावर मिटतो. तो तसा मिटवू नका. जीपीए, म्हणजे ग्रेडची 4 पैकी सरासरी, या एकाच नावाखाली तिथे वेगवेगळे आकडे मोजले जातात, आणि प्रत्येक आकडा वेगळ्या टेबलावर तपासला जातो.

पहिला आकडा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचा. तिने कॉलेजांचे तीन गट केले आहेत; त्यांतल्या डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळायचं तर त्यांचं एलिजिबिलिटी सेंटर (पात्रता तपासणारं कार्यालय) नववीपासूनचे विषय पाहतं: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि काही प्रमाणात इतर भाषा. असे 16 कोअर कोर्स (मुख्य विषय) लागतात. त्यांची सरासरी डिव्हिजन वनसाठी किमान 2.3 आणि टूसाठी 2.2 हवी. शारीरिक शिक्षणाचे मार्क यात धरत नाहीत, कितीही चांगले असले तरी. डिव्हिजन वनमध्ये ही सरासरी 2.0 ते 2.299 असेल, तर पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळू शकते, पण सामने खेळता येत नाहीत. 2023 पासून एनसीएएने एसएटी या प्रवेश परीक्षेची अट काढली आहे. एखादं कॉलेज प्रवेशासाठी ती मागू शकतं, तो भाग वेगळा.

टक्क्यांना 25 ने भागून जीपीए काढणारे बरेच भेटतात. ही पद्धत सोडून द्या. एनसीएए प्रत्येक देशासाठी स्वतःचा तक्ता वापरतं आणि विषयवार ग्रेड लावतं, त्यामुळे दहावीची ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची टक्केवारी इथे कामाची नाही. कामाची आहे ती नववीची गुणपत्रिका, जी बहुतेक घरांत दहावीचा निकाल लागला की हरवते. शाळेकडून शिक्क्यासह प्रत आत्ताच घेऊन ठेवा. ती मराठीत असेल तर ओळीला ओळ लावून केलेलं प्रमाणित भाषांतर लागतं. सारांश चालत नाही.

प्रवेश देताना आणि गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती ठरवताना कॉलेज आपला हिशेब आपल्या रीतीने करतं. त्याबद्दल थेट प्रवेश कार्यालयालाच विचारावं. कोचच्या तोंडी अंदाजावर राहू नये. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात) खेळाची शिष्यवृत्तीच नसते. म्हणून डिव्हिजन थ्रीत गुणवत्तेवरची मदत महत्त्वाची ठरते, आणि आयव्हीत फक्त आर्थिक गरजेवरची.

आता खरा महत्त्वाचा आकडा: तिथे गेल्यावरचा कॉलेजचा जीपीए. ए म्हणजे 4, बी 3, सी 2, डी 1, एफ शून्य. बहुतेक ठिकाणी बी प्लसचे 3.3. पण ग्रेडची साधी सरासरी काढायची नसते. प्रत्येक ग्रेडला त्या विषयाच्या क्रेडिटने (विषयाला ठरवून दिलेल्या वजनाने) गुणायचं आणि बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचं. समजा पहिल्या सेमिस्टरला 4 क्रेडिटच्या कॅल्क्युलसमध्ये सी, तीन-तीन क्रेडिटच्या इंग्रजीत बी, मानसशास्त्रात ए, कॉम्प्युटरमध्ये बी प्लस आणि 1 क्रेडिटच्या लॅबमध्ये ए. गुण झाले 8, 9, 12, 9.9 आणि 4, म्हणजे 42.9. भागिले 14 क्रेडिट, जीपीए 3.06. साधी सरासरी 3.26 दाखवते. गुणवत्तेची शिष्यवृत्ती टिकवायला 3.2 ची अट असेल, तर या फरकात ती जाते. कॅल्क्युलसमध्ये नापास झालात तर जीपीए 2.49 वर येतो आणि हाती क्रेडिट उरतात दहाच.

क्रेडिटकडे आपल्याकडच्या मुलांचं लक्ष नसतं, कारण इथे पास झालं की वर्ष पुढे सरकतं. डिव्हिजन वनमध्ये दुसरं वर्ष सुरू होण्याआधी 24 क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. त्यातली किमान 18 नियमित सेमिस्टरमधली, उन्हाळ्यातली नव्हेत. शिवाय दर सेमिस्टरला किमान 6 उत्तीर्ण. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीची 40 टक्के, चौथ्याला 60 आणि पाचव्याला 80 टक्के क्रेडिट पूर्ण हवीत. पदवी 120 क्रेडिटची असेल तर ही संख्या 48, 72 आणि 96. मोजली जातात ती तुम्ही घेतलेल्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) लागू पडणारीच. दोन वर्षं बायॉलॉजी करून तिसऱ्या वर्षी बिझनेसला उडी मारली, तर लॅबची कितीतरी क्रेडिट एकदम निरुपयोगी होतात आणि चांगला जीपीए असलेला खेळाडू बाकावर बसतो. मेजर बदलायचं असेल तर खेळाडूंसाठी नेमलेल्या शैक्षणिक सल्लागाराकडून आधी टक्केवारी लेखी काढून घ्या.

जीपीएची अटही वर्षागणिक चढते. पदवीसाठी 2.0 लागत असेल तर डिव्हिजन वनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या आरंभी 1.8, तिसऱ्याला 1.9 आणि चौथ्यापासून 2.0. डिव्हिजन टूमध्ये सुरुवातीपासून 2.0. घसरण लवकर सावरावी लागते, कारण क्रेडिट साठत गेले की सरासरी जड होते. 30 क्रेडिटवर 1.8 असेल तर पुढच्या 15 क्रेडिटमध्ये 2.4 मिळवून 2.0 गाठता येतो. 90 क्रेडिटनंतर तेच गाठायला त्याच 15 क्रेडिटमध्ये 3.2 लागतो. नापास विषय पुन्हा घेतल्यावर काही कॉलेजं जुनी ग्रेड पुसतात, काही दोन्ही धरतात. नियम आधी वाचा.

विषय झेपेना म्हणून मधेच सोडला तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) लागतो आणि जीपीएला धक्का बसत नाही, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो. पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट चालू ठेवावी लागतात, आणि पूर्ण वेळ विद्यार्थी असल्याशिवाय एनसीएएही सराव किंवा सामने करू देत नाही. या 12 मध्ये पूर्ण ऑनलाइन असलेला जास्तीत जास्त एकच विषय, तोही 3 क्रेडिटपर्यंतचा, धरला जातो. 12 च्या खाली यायचंच असेल तर विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते, नंतर घेतलेली चालत नाही. म्हणून सेमिस्टरला 12 ऐवजी 14-15 क्रेडिट घेऊन सुरुवात करा आणि विषय सोडण्याची शेवटची तारीख सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारीच लिहून ठेवा.