आमची वाटचाल : चौथीतून पाचवीत, आठवीतून नववीत

चिपळूण परिसरात आमचे वर्ग ओळखले जातात ते शाळा बदलणाऱ्या मुलांची तयारी करून घेण्यासाठी. सुरुवात मात्र चारचौघांसारखीच झाली. संध्याकाळच्या दोन तुकड्या, गणित आणि इंग्रजीची शिकवणी, महिन्याच्या महिन्याला फी, एवढेच तिचे स्वरूप होते. दरवर्षी जुलैच्या सुमारास पाचवीतल्या मुलांचे पालक येत आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असे, की चौथीपर्यंत चांगले चाललेले मूल हायस्कूलला गेल्यापासून मागे पडले. त्या मुलांना समोर बसवून पाचवीची उदाहरणे दिली, तर बहुतेकांना ती सुटत. मग वर्गात ती का सुटत नाहीत, याचा शोध घेता घेता आमच्या व्यवसायाची दिशा बदलली.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे ठरवले असले, तरी आपल्याकडील अनेक शाळांची बांधणी अजूनही जुन्या वळणाची आहे. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, मोठ्या गावातली सातवीपर्यंत, आणि संस्थेचे हायस्कूल पाचवीपासून किंवा आठवीपासून. मुलाला पाचवीला शाळा बदलावी लागेल की आठवीला, हे त्याच्या गावावर अवलंबून असते. वाडीच्या शाळेचा पट पुष्कळदा वीसच्याही आत असतो, दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात आणि मूल गप्प असले तर ते का गप्प आहे हे गुरुजींना न विचारताच कळते. तेच मूल जूनमध्ये पन्नास-साठ मुलांच्या तुकडीत जाऊन बसते. दर तासाला घंटा होते आणि नवे शिक्षक येतात, ज्यांना पहिले काही आठवडे त्याचे नावही माहीत नसते. फळ्यावरचे उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो. सहा विषयांचा गृहपाठ सहा जणांनी दिलेला असतो, पण तो एकत्र लक्षात ठेवण्याचे काम दहा वर्षांच्या मुलाकडे आलेले असते आणि हे काम कसे करायचे ते त्याला कोणीच दाखवलेले नसते.

म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी एक छोटा वर्ग आखला. त्यात पाचवीचा अभ्यास आधी शिकवून टाकण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळतो. मुले वेळापत्रक वाचायला आणि त्यानुसार रात्री दप्तर भरायला शिकतात. ऐकून लिहिणे आणि फळ्यावरून उतरवणे यांचा वेग घड्याळ लावून वाढवला जातो. गृहपाठासाठी एकच वेगळी वही ठेवण्याची सवय लावली जाते. शिक्षक-खोलीच्या दारात उभे राहून ‘सर, हे मला समजले नाही’ असे सांगण्याचा सराव तर आम्ही अक्षरशः नाटुकल्यासारखा करून घेतो, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या अभ्यासक्रमातला तोच सर्वांत उपयोगी भाग आहे. परवानगी मिळाली, तर शाळा सुरू होण्याआधी मुलांना हायस्कूलची इमारत दाखवून आणतो. प्रयोगशाळा कोठे आहे यापेक्षा स्वच्छतागृह कोठे आहे आणि परतीची एसटी कोणत्या बाजूला थांबते, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे असते. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण शेवटच्या तासानंतरची गाडी चुकली तर वाडीकडे जाणारी पुढची गाडी अंधार पडल्यावरच असते, ही बाब पालकांच्या बैठकीत दरवेळी निघते.

सेमी इंग्रजीची अडचण वेगळी आहे. अंश, छेद, लघुतम सामाईक विभाज्य या शब्दांत विचार करणाऱ्या मुलाला अचानक न्यूमरेटर, डिनॉमिनेटर आणि एलसीएम ऐकू येऊ लागतात. त्यासाठी आमच्या शिक्षिकांनी दोन्ही भाषांतल्या संज्ञांचे तक्ते हाताने तयार केले आणि दिवाळीपर्यंत दर रविवारी तासभर त्यांचा सराव ठेवला. डी.एड. करूनही वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणाऱ्या दोन शिक्षिका आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, एवढाच आमचा कर्मचारीवर्ग आहे.

व्यवसाय म्हणून हे काम अवघड आहे, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मे महिन्यात कोकणात कोणतेही मूल वर्गात बसत नाही. आंबे, लग्ने आणि मुंबईहून आलेले चाकरमानी यांपुढे कोणाचेच चालत नाही. जून ते दिवाळी कामाला उसंत नसते आणि त्यानंतर जागेचे भाडे आणि पगार मात्र तसेच चालू राहतात. जाहिरातीचा प्रश्न त्याहून बिकट आहे. इतर शिकवण्यांच्या फलकांवर दरवर्षी गुणवंतांची छायाचित्रे आणि टक्केवारी झळकते. आमच्याकडच्या मुलाचे यश म्हणजे ऑगस्टमध्ये त्याने शाळेत जायला कुरकुर केली नाही, इतकेच, आणि त्याचा फलक लावता येत नाही. आमचे नाव पसरले ते वाडीवरच्या गुरुजींमुळे, कारण चौथीचा दाखला हातात देताना काही जण पालकांना आमच्याकडे पाठवू लागले. फी आम्ही दोन हप्त्यांत घेतो, कारण जूनमध्ये गणवेश, वह्या आणि छत्री यांचा खर्च एकदमच येतो.

२०२१ हे वर्ष या वाटचालीतले सर्वांत कठीण वर्ष ठरले. त्या जूनमध्ये पाचवीला गेलेली मुले तिसरी संपता संपता, मार्च २०२० मध्ये घरी बसलेली होती. चौथीचा वर्ग त्यांनी प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता. राज्याने १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू केला होता आणि आम्हीही त्याच पुस्तिका घेऊन फोनवरून काम करीत होतो. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेजवळच्या आमच्या तळमजल्यावरील खोलीतले तक्ते, बाके, छापील साहित्य सगळे चिखलात गेले. मुलांच्या घरची दप्तरेही त्याच पाण्यात गेली होती. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरी भागात आठवीपासून शाळा उघडल्या, तेव्हा वाडीवरून आलेल्या मुलांना हायस्कूलपेक्षा आधी पुन्हा शाळा या गोष्टीचीच सवय लावावी लागली. त्या वर्षी फी मागण्याची सोय नव्हती. नंतर भाडे जास्त असूनही आम्ही पहिल्या मजल्यावर जागा घेतली.

त्याच सुमारास नववीचे काम वाढले. पाचवीचा बदल डोळ्यांना दिसतो. आठवीतून नववीत जाताना मात्र शाळा, मित्र आणि गणवेश पुष्कळदा तेच असतात, त्यामुळे घरच्यांना काही बदलले आहे असे वाटत नाही. प्रत्यक्षात गणिताची दोन पुस्तके होतात, शेरे आणि श्रेणी यांच्या जागी ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन येते, आणि आठवीपर्यंत मिळणारा पोषण आहार व मोफत पाठ्यपुस्तके दोन्ही थांबतात. पुस्तकांसाठी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांकडून पेढी उभी केली आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, त्यामुळे अनुत्तीर्ण होण्याची शक्यता असलेली पहिली इयत्ता नववी राहिलेली नाही. तरीही खरी गळती अजून आम्हाला नववीतच दिसते. दहावीचा निकाल जपण्यासाठी कच्च्या मुलाला नववीतच थांबवायचे किंवा बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवायचे, हा मार्ग काही ठिकाणी सर्रास वापरला जातो. मला तो मान्य नाही. असा मुलगा आमच्याकडे आला, तर आधी आम्ही पालकांसह वर्गशिक्षकांची भेट घेतो आणि मगच त्याला शिकवायला घेतो.

दिवाळीनंतरचे महिने आम्ही शिष्यवृत्तीच्या वर्गांवर निभावत आलो. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. म्हणजे नव्या शाळेत पाऊल ठेवलेल्या मुलाला त्याच वर्षी राज्यस्तरीय परीक्षेलाही बसावे लागे. आता शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचे ठरवले आहे. मुलांच्या दृष्टीने हे मला बरे वाटते, आमच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने मात्र सगळी मांडणी नव्याने करावी लागत आहे. परीक्षा आटोपून चौथीतली मुले थेट शाळाबदलाच्या तयारीकडे येतील, आणि पालक दोन्ही वर्ग एकत्र करून फी कमी करण्याची मागणी आतापासूनच करीत आहेत. जूनचा वर्ग आम्ही तरीही स्वतंत्र ठेवणार आहोत आणि त्यात शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांना जागा देणार नाही.