तांत्रिक कारण काहीही नव्हतं

विद्यापीठातलं एक व्याख्यान मध्येच बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या बोर्डावर नोटीस लागली, "तांत्रिक कारणास्तव व्याख्यान स्थगित करण्यात आले आहे." ते ज्या हॉलमध्ये होतं त्याचा साउंड मी बघतो. आमच्या मालकांकडे वर्षाचं कंत्राट आहे, बरीच वर्षं मीच तिथे मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर असतो, त्यामुळे तांत्रिक म्हटलं की बोट माझ्याकडेच येतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. वक्ता कोण आणि विषय काय हेही मुद्दाम लिहीत नाही, कारण ते सांगितलं की निम्मे लोक पुढचं न वाचताच ठरवणार कोण बरोबर ते. मी दोन्हीकडच्या लोकांचे कार्यक्रम केलेत आणि दोन्हीकडच्या वक्त्यांना स्टेजवरून उतरवलेलं बघितलंय.

बाहेरच्यांना वाटतं साउंडवाला म्हणजे हॅलो हॅलो माइक टेस्टिंग. खरं काम लोक यायच्या आधी असतं. आमचा हॉल जुना, भिंती टणक, रिकामा असला की नुसता घुमतो, माणसं भरली की तोच आवाज शोषून घेतो, म्हणजे सकाळी लावलेलं सेटिंग दुपारी कामाला येईल याची खात्री नाही. त्यात पोडियमवर दोन कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही पकडणारे. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, हळूहळू वाढवत न्यायचा, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून सीटी कुठे वाजायला लागते ती फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो सूर शोधायचा, तेवढाच कापायचा, परत वाढवायचं. एवढं केलं की वक्ता मान वळवून बोलला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न शब्द कळतो. याचा मला अभिमान आहे आणि तो असायला पाहिजे.

त्या दिवशी हॉल पूर्ण भरला होता. विरोध करणारी मुलं आधीच येऊन मागच्या दोन रांगांत बसली होती, हातात फलक. पहिली पंधरा वीस मिनिटं ती फलक धरून नुसती उभी राहिली, काही जण वक्त्याकडे पाठ करून. मला त्यात काहीही गैर वाटलं नाही. वक्ता बोलत होता, ती दिसत होती, ज्याला जे घ्यायचं ते त्याने घ्यावं. उलट मला बरं वाटलं की एवढी धग अजून पोरांमध्ये आहे.

मग डफ निघाला आणि घोषणा सुरू झाल्या.

आयोजकातला एक मुलगा धावत माझ्याकडे आला, काका आवाज वर घ्या, वर घ्या. हे सगळ्यांना सांगूनही कधी कळत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. घोषणा देणाऱ्या गर्दीवर साउंडने मात करता येत नाही. पोडियमचा माइक समोरच्या माणसाचं तोंड ओळखत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचेल ते सगळं तो उचलतो, म्हणजे मी फेडर, ती आवाजाची सरकपट्टी, वर केला की घोषणाही माझ्याच स्पीकरमधून मोठ्या होऊन येणार. शिवाय कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहा डेसिबल वाढवावे लागतात, त्याला अँप्लिफायरची ताकद दहापट लागते, आणि त्याच्या कितीतरी आधी हॉलमध्ये सीटी वाजायला लागते. वक्ता ओरडायला लागला की माइकच्या जवळ येतो, आवाज फाटतो, शब्द जातात. मी उलट दीड दोन डेसिबल खाली आणलं आणि वक्त्याला खूण केली, हळू बोला. घोषणांना ताल असतो, एक जण देतो, बाकीचे उचलतात, मध्ये श्वासाएवढी जागा असते, मुरलेला वक्ता त्या जागेत वाक्य टाकतो. आणि माणसाचा घसा थकतो, डफ थकत नाही हीच अडचण.

इथे माझं मत सांगून टाकतो. पाठ करून उभं राहा, काळ्या फिती लावा, उठून जा, प्रश्नोत्तरात वक्त्याला घाम फोडा, दाराबाहेर सभा घ्या, मी फुकट माइक लावून देईन. पण हॉलमधल्या दुसऱ्या कोणालाच ऐकू येऊ नये असं करायचा हक्क कोणाला नाही, कारण तो फक्त वक्त्याचा प्रश्न राहत नाही, जी पोरगी बस बदलून ऐकायला आली तिचाही आहे. हे मी दोन्ही बाजूंच्या पोरांना तोंडावर सांगितलंय, दोन्ही बाजूंना पटलेलं नाही.

एवढं असूनही त्या दिवशी कार्यक्रम मुलांनी बंद पाडला नाही. तो बंद पाडला प्रशासनाने.

एक अधिकारी खाली वाकून माझ्या टेबलापाशी आले. "साउंड, मेन बंद करा. लाइट गेली म्हणून सांगू." मी म्हणालो, "सर, थांबवायचं असेल तर तुम्ही स्टेजवर येऊन सांगा ना, मी माइक देतो," आणि कॉर्डलेस ऑन करून पुढे धरला. त्यांनी माइककडे बघितलंसुद्धा नाही. ते थेट पॅनलरूमकडे गेले. आमचा वायरमन सरळ माणूस आहे, त्याने नंतर मला सांगितलं, आधी जनरेटर ऑटोवरून मॅन्युअलला टाकायला लावला आणि मग मेन पाडायला लावला. ज्याला थोडंफार कळतं त्याला एवढ्यावरून समजेल. लाइट खरंच गेली असती तर जनरेटर काही सेकंदांत आपोआप उठला असता. त्याची मी स्वतः महिन्याला टेस्ट घेतो.

अंधार झाला. मी पहिल्यांदा मास्टर फेडर खाली ओढला, म्हणजे लाइट परत आली की माइकचा आवाज एकदम स्पीकरमधून आदळणार नाही. आता गंमत बाजूला, खरी गोष्ट ही की माझा मिक्सर यूपीएसवर, म्हणजे बॅटरीच्या बॅकअपवर असतो. स्पीकर मेले पण मिक्सर चालू, पोडियमच्या माइकना मिक्सरमधूनच सप्लाय जातो म्हणून तेही चालू, आणि पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगही चालू. माझ्या कानात हेडफोन होते.

घोषणा आपोआप थांबल्या, सगळे दचकले होते. वक्त्याने विचारलं, कोणाला लागलं वगैरे नाही ना. मग डफवाली मुलगी तिथूनच ओरडून म्हणाली, आम्हाला एका गोष्टीचं उत्तर द्या, आणि तिने प्रश्न विचारला. चांगला प्रश्न होता, तयारी करून आणलेला. वक्त्याने उत्तर दिलं, गुळगुळीत नाही, थोडा अडखळला, एक गोष्ट त्याने मान्य केली आणि एक ठामपणे नाकारली. ती म्हणाली तुम्ही आकडा चुकीचा सांगताय. लोक म्हणायला लागले, शांत बसा, ऐकू द्या. माइकशिवाय, भरलेल्या हॉलमध्ये, दोघं एकमेकांशी बोलत होते. मग सिक्युरिटीवाले टॉर्च घेऊन आले आणि हॉल रिकामा केला, लाइट नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, चला चला.

मला राग आहे तो या गोष्टीचा. विरोधकांनी निदान तोंड दाखवून विरोध केला. ज्यांच्याकडे थांबवायचा अधिकार होता त्यांनी तो वापरला, पण सही न करता, आणि नाव माझ्या यंत्रांचं घातलं. आता कोणाला जाब विचारणार? ऐकायला आलेल्याने विचारावा तर लाइट गेली होती. मुलांनी विचारावा तर त्यांना वाटतंय आपणच जिंकलो.

माझी भाची लॉ करते, तिने मला रंगराजन खटला सांगितला. 1989 चा, सुप्रीम कोर्टाचा, एका तमिळ सिनेमावरून झालेला. कोर्टाचं म्हणणं असं की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, चिडलेला जमाव आम्हाला आवरत नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही. तिनेच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं दाखवलं. मार्च 2023 मध्ये तिथल्या लॉ स्कूलमध्ये एका फेडरल न्यायाधीशाचं भाषण विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून चालू दिलं नाही, तेव्हा डीन जेनी मार्टिनेझ यांनी दहा पानी पत्र लिहिलं, निषेध कुठपर्यंत चालेल आणि कुठे चालणार नाही ते स्वतःच्या नावाने मांडलं. ते पत्र सगळ्यांना पटलं नाही, ठीक आहे. पण भांडायला समोर एक माणूस आणि एक कागद तरी होता.

हे आपल्याकडे नवीन नाही. पुढच्या रांगेत नेहमी बसणारे एक निवृत्त प्राध्यापक चहाच्या टपरीवर म्हणाले, 1895 ला पुण्यात काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद घ्यायला एवढा विरोध झाला की रानड्यांनी ती वेगळ्या मंडपात नेली. पण नेली, आणि का नेली ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी मंडपाचा खांब मोडलाय असं सांगितलं नाही.

रेकॉर्डिंगसाठी दोन्ही बाजूंचे फोन येऊन गेले. आयोजकांना फक्त घोषणांचा भाग हवाय, विरोधकांना फक्त वक्ता अडखळला तेवढा. मी दोघांना सांगितलं, तुकडा देणार नाही, फाइल अख्खी आहे आणि ती विद्यापीठाची आहे. ती मी विद्यापीठात जमा केली.

मालक म्हणतात सोडून दे, कंत्राट जाईल. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या तीन पोरांचे पगार त्यातून निघतात. तरी मी अर्धं पान पत्र लिहिलं, कुलसचिवांच्या नावाने. मिक्सर, अँप्लिफायर, माइक, केबल, जनरेटर सगळं त्या दिवशी चालू स्थितीत होतं, कार्यक्रम कुठल्याही तांत्रिक कारणाने थांबलेला नाही, नोटीस दुरुस्त करावी, आणि तोच कार्यक्रम परत घ्यायचा असेल तर त्या मुलीलाही माइक द्यावा, मी दोन्ही माइक सारख्या लेव्हलला ठेवीन. पत्राची पोच माझ्याकडे आहे. नोटीस अजून तशीच आहे.