राजा गुरगुरतो तेव्हा आम्ही गप्प का बसतो

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. आमचं कुत्र्याचं पिल्लू चिंगी आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, राजाच्या गोधडीवर चढतं, राजा घशातून खर्जात गुरगुरतो आणि सोफ्यावरचे पाहुणे पाय वर घेतात. ‘अहो, लहान आहे ती! ओरडा ना त्याला!’ शेजारच्या काकू तर दिवाळीत फराळाला आल्या होत्या तेव्हा जरा चिडूनच म्हणाल्या, ‘तुम्ही नुसतं बघत काय बसता?’ तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. आम्हालाही हे आधीपासून कळत नव्हतं. कळलं ते चिंगीचा कान फाटल्यावर.

राजा अकरा वर्षांचा, आपला गावठी, तांबूस रंगाचा. चिंगी ऑगस्टमध्ये भर पावसात नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावर एका भाजीच्या हातगाडीखाली कुडकुडताना सापडली. दात बघून डॉक्टर म्हणाले, सहा-सात आठवड्यांची असेल. पहिले दोन आठवडे तिला मागच्या खोलीत ठेवलं, जंताचं औषध दिलं, पहिली लस दिली. पिल्लांना पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, झाला तर दोन-तीन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर खाली सोडलंच नाही, कडेवर घेऊनच फिरवलं. मग दार उघडलं आणि ती थेट राजाच्या शेपटीला जाऊन लटकली.

राजा गुरगुरला. आणि आम्ही सगळे त्याच्यावर ओरडलो. सासूबाई त्याला समजावायच्या, ‘शहाणा ना रे तू? बाळ आहे ती.’ राजा शहाणाच. चार दिवसांत त्याने गुरगुरणं बंद केलं. आम्हाला वाटलं, जमलं बाई दोघांचं. पाचव्या दिवशी तो झोपलेला असताना चिंगीने मागून त्याच्या कमरेवर उडी मारली. तो वळला आणि आवाजही न करता त्याने तिचा कान पकडला. दोन टाके पडले. डाव्या कानाला खाच आहे ती तेव्हाची.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राजा ‘पुरे आता’ म्हणत होता आणि ते म्हणायचीच आम्ही त्याला बंदी केली होती. त्रास होता तिथेच राहिला, सांगायची सोय मात्र गेली. मग त्याच्याकडे उरले फक्त दात.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी चिंगीपेक्षा राजाकडेच जास्त लक्ष दिलं. त्याच्या कमरेवरून हात फिरवत ते एका जागी थांबले, हलकं दाबलं आणि राजाने अंग चोरलं. एक्स-रेमध्ये मागच्या सांध्यांचा संधिवात दिसला. चिंगी रोज नेमकी तिथेच उडी मारत होती. शिवाय त्याला ऐकायला कमी येतंय, त्यामुळे ती मागून आलेली त्याला कळतच नव्हती. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, म्हातारा कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर आधी त्याला कुठे दुखतंय का ते तपासून घ्या. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला फार महागात पडते.

तेव्हापासून आम्ही राजाकडे बघायला शिकलो. गुरगुरण्याच्या आधी तो किती काय काय सांगत असतो! आधी तोंड फिरवतो. मग समोर खाणं नसताना नाकावरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. मग सगळं अंग ताठ होतं, शेपटीसुद्धा हलत नाही. एवढं झाल्यावर तो आवाज काढतो. बहुतेक वेळा आम्ही तोंड फिरवलेलं बघूनच चिंगीला हाक मारतो. हाक चिंगीला, राजाला नाही. ती आली की हातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा. राजाला त्याच्या जागेवरून उठवायचं नाही, हा आता घराचा नियम आहे.

बाकी सोयी साध्या आहेत. दोघांची ताटली वेगळी, मध्ये बंद दार. मधल्या खोलीच्या दाराला गुडघ्याएवढी फळी आडवी लावली आहे, तिच्यापलीकडे राजाची गोधडी. सकाळी राजाची फेरी एकट्याची, त्याच्या चालीने, वाटेतला प्रत्येक खांब हुंगत. संध्याकाळी सात वाजले की चिंगी घरभर उधळायची, आम्हाला वाटायचं अंगात मस्ती आहे. खरं तर ती दमलेली असायची. एवढी लहान पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, आणि आमच्याकडे येणारा-जाणारा तिला उठवत होता. आता दुपारी तिच्या खोलीत अंधार करून दार लावतो. संध्याकाळ पुष्कळ शांत जाते.

राजा नुसता गुरगुरतो असंही नाही. उन्हं अंगणात आली की पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागची बाजू वर करून तिला खेळायला तोच बोलावतो. ती जोरात चावली की खेळ मोडून निघून जातो. ती तिथेच उभी राहते, त्याच्याकडे बघत. इतक्या लवकर आईपासून तुटलेल्या पिल्लाला चावा किती जोरात लागतो हे कोण शिकवणार होतं? मी शंभर वेळा ‘नको’ म्हणून जे झालं नाही, ते त्याने पाठ फिरवून शिकवलं. मागच्या आठवड्यात गोधडी झटकताना टक्कन काहीतरी फरशीवर पडलं. चिंगीचा दुधाचा सुळा, सुईसारखा टोकदार, मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका. अठ्ठावीस दुधाचे दात जाऊन बेचाळीस पक्के येतात, तेवढी ती आता वाढली. तो सुळा मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे.

नाशकात थंडी पडली की राजाची कंबर धरते. काल संध्याकाळी काकू आल्या होत्या. फळी बाजूला होती आणि चिंगी गोधडीकडे निघाली. राजाने तोंड फिरवलं. तिला कळलं नाही, एक पाय गोधडीवर पडलाच. राजा गुरगुरला. मी हाक मारायला तोंड उघडणार तोच चिंगीने पाय मागे घेतला, हातभर अंतरावर फरशीवर बसली आणि थोड्या वेळाने त्याच्याकडे पाठ करून आडवी झाली. राजाने मान खाली टेकवली.

काकूंनी या वेळी पाय वर घेतले नव्हते. त्या चिंगीकडे वाकून हळूच म्हणाल्या, ‘ऐकलंस गं बाई. आजोबांचं दुखतंय.’